दुसऱ्याच्या हातचं

देओलिंदाकाकूला लिहिता येत नव्हतं.
मला येत होतं, एवढाच माझा गुन्हा.
रविवारी चर्च सुटलं की ती यायची,
एप्रनच्या एका खिशात पिवळा कागद,
सरकारनं फुकट दिलेला, तिकीट न लागणारा,
दुसऱ्या खिशात माझ्यासाठी चार सुकी अंजिरं.

मी बारा वर्षांची. टेबलावर पिठाची धूळ.
ती कोपरानं पुसायची आणि म्हणायची, लिही:
गाय व्याली. कालवड आहे.
बेन्तूनं कुंपण पुन्हा आत सरकवलं, मी बोलले नाही.
डिसेंबरात डुक्कर कापू, तुझा वाटा धुरावर टांगून ठेवू.
पाय कोरडे ठेव.
एवढंच? मी विचारायची.
एवढंच.
कागद अजून अर्धा रिकामा असायचा.
ती खिडकीबाहेर बघत बसायची, जणू गिनी
आमच्या चेस्टनटच्या रानामागेच कुठेतरी होतं.

मग मी माझ्या पदरचं एक वाक्य घालायची.
काल बर्फ पडत होतं आणि तुझी आई
कंदील न घेता दाराबाहेर उभी होती.
तिला वाचून दाखवताना तेवढं गाळायची.

उत्तरं यायची महिन्याभरानं,
वाण्याच्या दुकानात, मिठाच्या पोत्यावर.
आई, मी ठीक आहे. इथे काजूच्या फळांची दारू करतात.
अबीलियुलाही लिहिता येत नव्हतं,
त्याची सगळी शाळा शेळ्यांमागे गेलेली.
म्हणजे तिकडेही कुणीतरी होतं,
मांडीवर काडतुसांची पेटी, पेटीवर कागद,
ज्याच्या ‘टी’ची आडवी रेघ
पुढच्या तीन अक्षरांवर छपरासारखी जायची.

कंदील घेत जा, त्यानं लिहिलं, गुडघा फुटेल.
काकू चमकली. हे त्याला कुणी सांगितलं?
मी म्हणाले, लेकरांना कळतं.

त्यापुढच्या पत्रात, कोपऱ्यात, पेन्सिलीचा एक पक्षी.
अबीलियुला साधी रेघ सरळ मारता येत नाही
हे अख्ख्या गावाला ठाऊक.
मी उत्तरात चेस्टनटचं काटेरी बोंड काढलं.
त्यानं मासा. मी खेचराचा कान.
चौदा महिने आम्ही असं बोललो,
एका आईच्या आणि एका मुलाच्या
पाठीमागे उभं राहून.
नाव विचारलं नाही. विचारणार कुठे?
कागद त्यांचा होता.

फेब्रुवारीतलं पत्र मला पत्त्यावरूनच कळलं.
गोल, शाळकरी अक्षर. छप्पर कुठेच नाही.
आई, मी ठीक आहे. ताप आला होता, उतरला.
कोपरा कोरा.

ठीक आहे म्हणतो ना? पुन्हा वाच.
मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं.
आवाज हलला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.
काकूनं कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली
आणि त्या दिवशी अंजिरं सहा दिली.

बदली झाली असेल. रजेवर गेला असेल.
हात मोडला असेल, बोटं भाजली असतील.
मी त्याला पुष्कळ काही होऊ दिलं,
एक सोडून.
पत्राखाली बोंड मात्र काढत राहिले.
तिकडून कुणी काही काढलं नाही.

अबीलियु परतला तो एका कानानं बहिरा होऊन.
बोंडं वेचायच्या दिवसांत
मी त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला गेले.
तुझी पत्रं कोण लिहायचं रे?
कोइंब्राचा एक पोरगा. नाताळला अजून कार्ड धाडतो.
आणि त्याच्या आधी?

त्यानं बोंड दोन बुटांमध्ये धरलं, हळूच दाबलं,
आतलं फळ न चिरडता बाहेर येतं तसं,
आणि वाकून माझ्या टोपलीत टाकलं.
आम्ही अर्धी ओळ झाडं संपवली.
मग तो म्हणाला,
तो सारखं विचारायचा मला,
तुझ्या आईची पत्रं कोण लिहितं म्हणून.
मला काय ठाऊक? मी सांगायचो,
असेल गावातला एखादा म्हातारा मास्तर.